तिसऱ्या पेवातली टाकी

डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात एक पाथरवट राहायचा. पिठाच्या गिरण्या तेव्हा कुठेच नव्हत्या. घरोघरी जाती होती. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत झाला की धान्य नीट दळलं जायचं नाही. मग बायका या पाथरवटाला बोलावून घ्यायच्या. तो अंगणात बसून लोखंडी टाकी आणि हातोडीने दगडाला पुन्हा खाचा पाडायचा. याला जात्याला टाकी लावणं म्हणतात. एका जात्यामागे दोन शेर जोंधळा मिळायचा. गावोगाव हिंडून संध्याकाळी तो पोतं खांद्यावर घेऊन घरी यायचा तेव्हा नखशिखांत पांढरा झालेला असायचा. केसांत, भुवयांत, ओठांवर सगळीकडे दगडाची धूळ.

त्या धुळीनेच त्याचा आजा गेला होता आणि बापही. बाप गेला तेव्हा पंचेचाळीस वर्षांचाही नव्हता. शेवटी एक वाक्य बोलायला त्याला तीनदा थांबावं लागे. तो म्हणाला, "पोरा, चाळिशीच्या आत... टाकी खाली ठेव... मला जमलं न्हाई."

मुलगा तेव्हा पंचविशीचा होता. नुकतं लग्न झालं होतं. बापाचे दिवस पार पडल्यावर एका दुपारी नवराबायको दारातल्या लिंबाखाली बसली आणि त्यांनी आपल्या जन्माचा हिशोब केला.

"वर्साला खंडीभर जोंधळा लागतो," बायको म्हणाली.

"बिघाभर रान हाय. टाकी ठेवली की ते कसता येईल. थोडं पिकंल, थोडं कमी पडंल. कमी पडंल ते साठवणीतलं खायचं."

त्यासाठी अंगणात पेवं खणायची असं ठरलं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. आतून लिंपून त्यात धान्य भरायचं, वर कडबा घालायचा आणि तोंड मातीने बंद करायचं. जोंधळा त्यात वर्षानुवर्षं टिकतो. एका पेवात पाच खंडी. अशी तीन पेवं भरली की टाकी खाली ठेवायची.

बायको हुशार होती. ती म्हणाली, "नुसती खाली ठेवायची न्हाई. तिसरं पेव भरलं की धान्यावर टाकी ठेवायची आणि मग तोंड लिंपायचं. म्हंजे पुन्हा मन झालं तर उकरायला लागंल."

"ठेवीन की," तो हसून म्हणाला.

पुढची बारा-तेरा वर्षं त्या घराने जसे दिवस काढले तसे गावात कुणी काढले नाहीत. भांडी विसळलेलं पाणी दोडक्याच्या वेलाला जायचं. लुगडं विरलं की त्याची वाकळ व्हायची, वाकळ विरली की ती थंडीत शेळीच्या अंगावर पडायची. शेवग्याचा पाला, शेंगा, फुलं, सगळं पोटात जायचं. वाया जाणं हा शब्दच त्या घरात नव्हता. पण कंजूष म्हणावं तर तसंही नाही. दारी आलेला माणूस उपाशी परत गेला नाही. त्यांना एक मुलगी झाली, सगुणा. ती अंगणात पेवाच्या तोंडावर पाय आपटून विचारायची, "बा, किती भरलं?" आणि बाप हाताने दाखवायचा, इतकं.

एकच गोष्ट त्या घरात कायम पुढे ढकलली जायची. ज्याच्या हातून पंचक्रोशीतली जाती धारदार झाली, त्याच्या घरचं जातं मात्र गुळगुळीत होतं. बायकोला एकेक घास दोनदा दळावा लागे आणि तरी भाकरी कण्यांची व्हायची.

"अवं, एकदा आपल्या जात्याला टाकी लावा की."

"अर्धी सकाळ जाती त्यात. तेवढ्यात परक्याचं एक जातं हुतं. टाकी ठेवताना शेवटचं जातं आपलंच."

बायको रोज पहाटे दळायला बसायची आणि दळताना गायची. चार ओव्या होईतो तो पोतं उचलून वाटेला लागलेला असायचा.

तो अडतीस वर्षांचा असताना तिसरं पेव भरलं. ठरलं होतं त्याच्या दोन वर्षं आधी! बायकोने गूळ घालून लापशी केली. सगुणा तेव्हा बारा वर्षांची होती, तिने पेवाच्या तोंडाभोवती रांगोळी काढली. जोंधळा काठोकाठ आला होता. बायकोने हात पुढे केला.

"द्या टाकी."

पाथरवटाने टाकी हातात घेतली. पेवाकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं.

"यंदा पाऊस धड न्हाई झाला," तो म्हणाला. "एक पेव आणखी भरतो. मग ठेवतो."

बायकोचा हात तसाच पुढे राहिला. थोड्या वेळाने तिने तो मागे घेतला, माती कालवली आणि पेवाचं तोंड लिंपलं.  तिने तेव्हा भांडायला हवं होतं असं मला नेहमी वाटतं. पण पाऊस खरंच कमी झाला होता आणि तो बोलला त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. या माणसाला हसायचं कारण नाही. भीती शहाण्यासारखी बोलायला लागली की भलेभले तिचं ऐकतात.

चौथं पेव भरत आलं तेव्हा सगुणाचं लग्न ठरलं. पाथरवट म्हणाला, लग्नाला त्यातलं जाईल, ते पुन्हा भरून काढायला हवं. ते भरलं तेव्हा चावडीवर कुणी तरी म्हणालं, "एवढा धडधाकट गडी आणि बायकोगत घरी बसणार व्हय?" ते त्याला लागलं. मग पाचवं पेव खणलं. प्रत्येक वेळी कारण नवं असायचं आणि प्रत्येक वेळी ते पटायचं.

लग्नाच्या आदल्या दिवशीपर्यंत तो परगावी जात्यांना टाकी लावत होता. हळदीच्या वेळी आला तो पांढऱ्या अंगानेच. सासरी निघताना सगुणा त्याच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "बा, तू घरी बसशील तवा मी हितं नसणार." बापाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. बोलायला गेला तर त्याला खोकला आला.

तो खोकला मग गेलाच नाही.

आधी तो चढावर थांबायला लागला, मग सपाटीवर. वैद्य म्हणाला, टाकी सोड. तो म्हणाला, एवढी सुगी होऊ द्या. अखेर एका उन्हाळ्यात, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो भर दुपारी घरी आला. खांद्यावर पोतं नव्हतं. हातोडी उचलत नाही म्हणून लोकांनी बैलगाडीत घालून आणलं होतं. दारातच बसला आणि बायकोला म्हणाला, "आता... ठेवतो."

तिने त्याला पाणी दिलं. 

दोन दिवसांनी तो उठला आणि सरपटत जात्याकडे गेला. बायकोने हात धरला. "ऱ्हाऊ द्या वो. पीठ काय, पडतंय."

"शेवटचं जातं... आपलं. म्हणलो हुतो."

ती मागे सरली. तिने ओलं फडकं त्याच्या नाकातोंडाला बांधलं आणि जवळ बसून राहिली. जे काम तो अर्ध्या सकाळी उरकायचा, त्याला आता अकरा दिवस लागले. चार घाव घालायचा, भिंतीला टेकायचा, पुन्हा चार. पण खाचा अशा पडल्या की उभ्या जन्मात त्याने तशी टाकी लावली नव्हती.

बाराव्या दिवशी पहाटे बायको दळायला बसली. जातं हलकं फिरत होतं. पीठ मऊ पडत होतं. ती गायला लागली. बाजेवरून तो ऐकत होता. चार ओव्या झाल्या, पाचवी झाली, माहेराचं गाणं झालं, सगुणाच्या बाळपणाचं झालं, आणि मग त्याच्याच नावाच्या ओव्या आल्या. त्याने हळूच विचारलं, "ह्ये... पुढं बी हाय व्हय? मला वाटायचं... तिथंच संपतं."

बायकोचा खुंट्यावरचा हात थांबला. तिला रडू आवरेना. ती म्हणाली, "लई हाय पुढं. ऐकत पडा."

एकोणीस सकाळी त्याने ऐकलं. विसाव्या सकाळी तो गेला.

अंगणात पाच पेवं होती आणि घरात एक बाई. तेवढं धान्य तिला जन्मभर सरलं नसतं. लोक म्हणायचे, काय नशीबवान, कशाची म्हणून ददात नाही. ती अंगण झाडायची आणि पेवांवर पाऊल पडू न देता बाजूने जायची.

सगुणाचा नवराही पाथरवटच होता. तिसाव्या वर्षीच त्याला सकाळी खोकला येऊ लागला होता. सासरा गेल्यावर वर्षभराने तो सासूला न्यायला आला तेव्हा खांद्यावर टाकीची पिशवी होती. सासूने पिशवीकडे पाहिलं.

"मी यायची न्हाई," ती म्हणाली. "तुम्हीच हितं या. दोन पेवं तुमची. यंदा गावात दाणा न्हाई, बाकीची उघडून सुगीपातूर गावाला पुरवू. तिसरं रिकामं केलं की ते तुम्ही तुमच्या हातानं भरायचं. भरलं की टाकी त्यात. कबूल असंल तर या."

जावयाने कबूल केलं. कबूल करायला काय लागतं, तेव्हा पेव रिकामंच होतं.

सहा वर्षांनी ते भरलं. त्या दिवशी सगुणाने लापशी केली. तिच्या मुलीने रांगोळी काढली. जावई टाकी घेऊन पेवाच्या काठाशी उभा राहिला. जोंधळा काठोकाठ होता. त्याने पेवाकडे पाहिलं आणि मग त्याची मान आभाळाकडे वळली.

"मामी," तो चाचरत म्हणाला, "औंदा जरा पाऊस..."

सासूने हात पुढे केला. तिने तो मागे घेतला नाही.

"जावईबापू, हितंच उभं ऱ्हाऊन, आभाळाकडं बघून, त्यांनी बी असंच म्हणलं हुतं. तवा मी हात मागं घेतला. आता घेणार न्हाई. रात होऊ द्या, मी हितंच हाय."

 सगुणाने लापशीचं भांडं खाली ठेवलं. जावई खाली वाकला आणि त्याने टाकी त्या हातावर ठेवली.

सासूने ती धान्यावर ठेवली. मग कनवटीची दुसरी टाकी काढली. ती झिजून बोटाएवढी राहिली होती. नवऱ्याची ती टाकी तिने एवढी वर्षं जपून ठेवली होती. पहिल्या टाकीशेजारी तिने ती अलगद निजवली, माती कालवली आणि पेवाचं तोंड लिंपलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगुणा दळायला बसली. जावई वाकळ पांघरून जात्याशेजारी बसला होता, लेक त्याच्या मांडीवर होती. चार ओव्या झाल्या, पाचवी झाली, तरी तो उठला नाही. सासू दाराबाहेर उभी राहून सगळं ऐकत होती. मग ती परड्यात गेली, शेवग्याच्या बुंध्याला टेकून बसली आणि पोटभर रडली. हे बघायला आपला नवरा हवा होता, एवढंच तिचं म्हणणं होतं. आणि त्याला काहीच उपाय नव्हता.

तात्पर्य एवढंच: किती पुरे, हे ठरवणारे पुष्कळ भेटतात, तेवढं भरल्यावर हात थांबवणारा विरळा. तो दिवस टळला तर धान्य उरतं, आणि खाणारं माणूस जातं.