धुतल्या हातांचा नमस्कार

“मग चुकलं कुठं, बाबा?”

विद्याधर दारातच थबकला होता. हातात बाबांच्या पोटातून उतरलेल्या पाण्याची पिशवी. रोज तिच्यातून पलीकडचं दिसायचं. आज पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं.

खाटेवर केवलबाबा पोट धरून पडले होते. अंगात ताप. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, पोटात जंतू गेलेत, पिशवीसकट ताबडतोब या, नळी बहुधा काढावी लागेल.

नळी काढली तर पुढं काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. मूत्रपिंडांनी केव्हाच काम सोडलं होतं. मशीनवरचं डायलिसिस बाबांच्या थकल्या हृदयाला झेपेना, म्हणून तर ही नळी पोटात बसवली होती; तिच्यातून औषधी पाणी आत सोडायचं, अंगातली घाण घेऊन ते पिशवीत उतरायचं.

“मी साबण लावला. बोटांच्या बेचक्यासुद्धा सोडल्या नाहीत. पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क. सिस्टरनं सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळलं.”

ते खरंच होतं. पाठांतरात विद्याधर मठात कुणाला हार जात नसे. नळीचं काम त्यानं दुसऱ्या कुणाला करूच दिलं नव्हतं. “सेवेला अधिकार लागतो,” असं तो इतर शिष्यांना तोंडावर सुनवायचा.

“करून दाखव,” बाबा म्हणाले.

“आत्ता? गाडी येईल...”

“येईपर्यंत दाखव.”

त्यानं पिशवी ठेवली. मास्क बांधला. हात धुतले, सावकाश, मनगटापर्यंत. कागदी रुमालानं कोरडे केले, त्याच रुमालानं नळ बंद केला. मग दोन्ही हात छातीपुढं धरून, कशालाही न शिवता, तो खाटेशी आला.

“आता नळीचं टोपण काढायचं.”

“आता?”

“हो... नाही. आधी...”

तो सवयीनं वाकला. धुतलेली बोटं बाबांच्या पावलांवर टेकली.

आणि तिथंच राहिली.

अनवाणी पावलं. गोठ्यातून, अंगणातून हिंडणारी. दर्शनाला आलेल्या अख्ख्या गावाचे हात रोज त्यांवरून फिरून जायचे.

बाबांनी पहिल्याच दिवशी टोकलं होतं, “नमस्कार आधी उरकून घे रे, मग हात धू.”

तेव्हा भोवती माणसं होती. विद्याधर त्यांच्याकडे बघत हसला होता. “तुमच्या पायांनी हात विटाळतात होय, बाबा?”

माणसांनी माना डोलावल्या. बाबाही हसले... आणि त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

त्या नमस्काराचा फोटो मठानं कॅलेंडरवर छापला. तोंडाला मास्क, पायांवर धुतलेले हात. घराघरांत तो टांगला गेला. एकालाही त्यात चूक दिसली नाही.

इतके दिवस निभावलं, एवढंच.

“बाबा...” तो मास्कच्या आतूनच म्हणाला. “एकदा तरी पाठीत धपाटा घालायचात.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

बाबांनी पाय पांघरुणात ओढून घेतले. पोटात कळ आली, ती ओठ मिटून गिळली.

विद्याधरचे हात रिकाम्या चादरीवर तसेच राहिले.

“गोड लागायचा रे नमस्कार,” बाबा म्हणाले. “मलाही...”