काट्यांची काळजी

भार्गवराव मंत्री झाले आणि त्यांना जनतेची फारच काळजी वाटू लागली. त्यांनी फर्मान काढलं, सरकारने पास केलेलीच ॲप फोनमध्ये घ्यायची, बाकी सगळी बंद! वेळणे बंदरातल्या कोळणी हवालदिल झाल्या. कुठल्या होडीला काय मासळी लागली ते सांगणारं, गावातल्याच पोरीने बनवलेलं त्यांचं ॲप त्यात गेलं.

मंत्री बंदरावर आले तेव्हा कोळणींची म्होरकी चांगुणाबाई त्यांना जाऊन भेटली.

"अहो बाई, एखादं ॲप घातक निघालं तर? तुम्हाला काय कळणार त्यातलं?" मंत्र्यांनी विषय संपवला.

चांगुणाबाईने मान डोलावली आणि त्यांना जेवायला बोलावलं.

दुपारी तिच्या घरात तळलेल्या बांगड्यांचा वास दरवळत होता. मंत्री बाह्या सारून ऐटीत बसले. ताटात आला दूधभात आणि उकडलेला दुधी.

"आणि बांगडा?"

"नको साहेब. काटा घशात अडकला म्हणजे? तुमच्या जिवाच्या काळजीने मीच ठरवलं, तुम्ही काय खायचं ते."

मंत्री भडकले. "अहो, बंदरावरच वाढलोय मी! काटा काढून कसं खायचं, ते मला कुणी शिकवायला नको!"

"आम्हीपण बंदरावरच वाढलोय, साहेब. फोनातले काटे आम्हालाही काढता येतात." चांगुणाबाईने झाऱ्यावर बांगडा घेतला आणि ताटाच्या वर तसाच धरून ठेवला. "मग, फर्मानाचं काय?"

मंत्र्यांनी बांगड्याकडे पाहत ताट पुढे सरकवलं.

"मागे घेतो," ते म्हणाले, "पण दोन वाढा."