वेत्रग्रामची त्रेसष्ट नावे

पूर्वी मेखलपुरात सुदर्शन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या सेनापतींच्या घराण्यात जन्मले. त्यांचे नाव अभयघोष. त्यांचे आजोबा उग्रबाहू यांनी वेत्रग्रामचा किल्ला जिंकला होता, असे सारे म्हणत. दरवर्षी विजयदिनी भर सभेत त्या पराक्रमाचे गीत गायले जाई. सेनापतिपद हाती आल्यावर अभयघोष तो किल्ला पाहायला गेले.

वेत्रग्रामात किल्ला नव्हता. कधीच नव्हता. माळावर एका जळक्या कोठाराचा पाया तेवढा उरला होता, आणि जवळच शोणा नावाची म्हातारी गोवऱ्या थापत होती.

"आजी, इथला किल्ला कुठे आहे?"

"तू कुणाचा?"

"सेनापती उग्रबाहूंचा नातू."

शोणाचे हात थांबले. "गावाने शस्त्रे खाली ठेवली होती," ती म्हणाली. "तरी तुझ्या आजोबाने माणसे या कोठारात कोंडली आणि आग लावली. मी रानात गेले होते, म्हणून उरले."

अभयघोष तिथेच मातीत बसले. त्यांनी हात जोडून क्षमा मागितली.

"ती मी कशी देऊ?" शोणा म्हणाली. "ज्यांनी द्यायची, ते आत होते."

"मग त्यांची नावे तरी सांगा."

तिने त्रेसष्ट नावे सांगितली. तीन दिवस गावात राहून त्यांनी ती पाठ केली.

विजयदिनी गायक उठले, तेव्हा अभयघोषांनी त्यांना थांबवले. त्यांनी सभेला खरी हकीकत सांगितली आणि ते एकेक नाव उच्चारू लागले. त्यांचे भाऊबंद रागाने उठून गेले.

राजा म्हणाला, "सेनापती, हे तुम्ही केलेले नाही. तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता."

"खरे आहे, महाराज. पण त्या विजयाचा मान मी आजवर घेतला. मान तेवढा माझा आणि राख आजोबांची, असे म्हणणे मला जमणार नाही." त्यांनी सेनापतीची तलवार राजापुढे ठेवली.

राजा सिंहासनावरून उतरला. उरलेली नावे त्याने उभ्याने ऐकली, आणि ते गीत कायमचे बंद केले.

राजाच्या दूताने ही वार्ता वेत्रग्रामात नेली. शोणाने एवढेच विचारले, "माझ्या धाकट्या बहिणीचे नाव घेतले का? रेवाचे?"

"घेतले."

"मोठ्याने?"

"शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले."

तेव्हा पन्नास वर्षांत प्रथमच ती लोकांसमोर रडली.

ही पूर्वजन्मीची कथा संपवून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, सुदर्शन राजा म्हणजे आजचा भिक्षू सुप्रिय. शोणा म्हणजे आपल्या संघातली वृद्ध भिक्षुणी धरणी. अभयघोष मीच होतो. उग्रबाहूही याच सभेत बसला आहे, आणि त्याने आज सगळे ऐकले आहे. स्वतःच्या कुळाविरुद्धही खरे बोलावे लागते, तेव्हा सत्यपारमिता, म्हणजे सत्याची साधना, पूर्ण होते."