आड आलेलं डोकं

जंगलातल्या एका तालुक्याच्या गावात सिनेनिर्माते रत्नाकर दिघावकर यांचा सत्कार होता. हार गळ्यात पडताच साहेबांचा पारा चढला. "तुम्ही सगळ्यांनी माझा सिनेमा चोरीच्या सीडीवर पाहिलात. ते सीडीचं दुकान मी उद्याच बंद करवतो." दुकानदार मान खाली घालून बसला.

साहेबांना एक विचारायचंच म्हणून गिरजाबाई मडावी ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. ती उठली.

"साहेब, शेवटी लेक घरी येते, तवा माय हसते का रडते? आमची सीडी टॉकीजात कॅमेरा लपवून काढलेली. नेमका तवाच कोणी तरी उठते, अन् त्याचं डोकं मायच्या तोंडावर येते."

"ते पाहायचं तर तिकीट काढावं लागतं, बाई."

गिरजाबाईनं पदराची गाठ सोडली आणि चुरगळलेली नोट पुढे धरली. "पैसे आणले ना साहेब. पण गावात टॉकीजच नाही. कोणाले देऊ, तेवढं सांगा."

साहेबांनी मांडवभर नजर फिरवली. ती नोट घेणारं तिथं कोणीच नव्हतं. साहेब खाली बसले.

पुढच्या महिन्यात साहेबांनी शाळेच्या मैदानावर आपल्या सिनेमाचा पडदा लावला. तिकिटं विकली त्याच सीडीच्या दुकानदारानं. साहेब पहिल्या रांगेत बसले होते आणि गिरजाबाई त्यांच्या मागेच. पडद्यावर लेक दारात आली, तशी लोकांचे चेहरे पाहायला साहेब उठून मागे वळले.

"खाली बसा ना बापा," गिरजाबाई हळूच म्हणाली, "मायचं तोंड पाहू द्या."