बाय जेवली का?

एकदा एका वृद्ध गुरूने आपल्या शिष्याला घरातला समुद्र सांभाळायला दिला.

समुद्र म्हणजे काचेची एक टाकी. चार हात लांब, दिवाणखान्याच्या भिंतीला लागून ठेवलेली. गुरूंचे आडनाव खांबेटे. घाटावरच्या एका शहरात त्यांनी आयुष्यभर महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले. माणूस मात्र मूळचा किनाऱ्यावरचा. निवृत्तीनंतर पत्नी गेली, घर ओस पडले, तेव्हा त्यांनी ही खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. दगडी प्रवाळ बाळगायला कायद्याची बंदी, म्हणून त्यांनी टाक्यांमध्येच वाढवलेली मऊ प्रवाळे आणली. कुणी अळंबीच्या छत्रीसारखे, कुणी गवताच्या जुडीसारखे, कुणी शर्टाच्या गुंडीएवढ्या फुलांचा गालिचा पसरावा तसे. वर्षानुवर्षे त्यांनी ती वाढवली. आणि दगडांच्या एका कपारीत राहत होती एक वाम. पांढऱ्या अंगावर काळ्या नक्षीची, मनगटाएवढी जाड. दिवसभर ती बिळातून फक्त डोके बाहेर काढून बसे आणि तोंड उघडत-मिटत राही. नवख्याला वाटे, धमकावते आहे. खांबेटे सर सांगत, "अहो, ती श्वास घेतेय. आपण उगाच घाबरतो."

तिला ते 'बाय' म्हणत. कोकणात लेकीला म्हणतात तसे.

मग सरांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. एक डोळा पूर्ण गेला, दुसऱ्यात निळसर उजेड तेवढा उरला. पाण्यात मीठ किती झाले हे मापकावर वाचता येईना, काच घासताना प्रवाळाला धक्का लागू लागला. तेव्हा त्यांनी हेरंबला बोलावले. हेरंब त्यांचा जुना विद्यार्थी, आता त्याच महाविद्यालयात शिकवणारा. घर दोन गल्ल्या पलीकडे.

"हेरंबा, ह्यांना तू सांभाळ," सर म्हणाले. "तीन गोष्टी ध्यानात ठेव. पाण्यात काही बदल करायचा तर सावकाश कर. बायला खाऊ चिमट्याने द्यायचा, बिळात हात कधी घालायचा नाही. तिला बोट आणि कोळंबी यांतला फरक कळत नाही. आणि झाकणावरच्या विटा हलवू नकोस. वाम फट शोधते."

हेरंब रोज संध्याकाळी येऊ लागला. काम आटोपले की सर टाकीसमोर वेताच्या खुर्चीत बसत आणि विचारत, "बाय जेवली का?" हेरंब जे दिसेल ते सांगे. आज छत्री पूर्ण उघडली आहे. आज गवतात एक खेकडा लपला आहे. सर डोळे मिटून ऐकत. पुढे पुढे हेरंबच्या ध्यानात आले की सरांचा दिवस या अर्ध्या तासासाठीच उगवतो. स्वयंपाकाला येणाऱ्या पार्वतीबाई म्हणायच्या, "तुम्ही सांगून गेलात ना, की दोन घास जास्त जातात त्यांना."

त्या चैत्रात उरलेल्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. सर परगावी पुतणीकडे राहायला गेले. जाताना टाकीच्या काचेवर तळहात टेकवून क्षणभर उभे राहिले.

एका सकाळी हेरंब बायला कोळंबी द्यायला आला. खाऊ वाहून जाऊ नये म्हणून नेहमीप्रमाणे त्याने पाणी फिरवणारा पंप बंद केला. बायने तुकडा घेतला. तेवढ्यात फोन वाजला. मेहुण्याचे लग्न होते, गाडी दाराशी येऊन उभी होती, बायको रागावली होती. हेरंबने हात पुसले, कुलूप लावले आणि तो निघाला. पंपाचे बटण तसेच राहिले. पार्वतीबाईंनाही सर येईपर्यंत सुट्टी होती.

तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतला. दारातच वास आला.

पाणी दुधासारखे झाले होते. छत्र्या वितळून दगडांवर ओघळल्या होत्या. गुंडीएवढ्या फुलांच्या जागी करडा चिकट थर होता. स्थिर पाण्यातला प्राणवायू उन्हाळ्याने केव्हाच संपवला होता. बाय बिळात नव्हती. ती वरच्या कोपऱ्यात सापडली, झाकणाला तोंड लावून. तिने फट शोधली होती आणि विटा जागच्या हलल्या नव्हत्या.

हेरंब कितीतरी वेळ जमिनीवर बसून राहिला. मग उठला. सगळे पाणी उपसले, दगड घासले, बायला परसात शेवग्याखाली पुरले. खिडक्या उघडल्या. पुन्हा मीठ कालवून पाणी भरले, पंप सुरू केला. खळखळ पूर्वीसारखी झाली. सर आले की सांगायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते.

सर आले ते पुतणीचा हात धरून. शस्त्रक्रियेचा उपयोग झाला नव्हता. उरलेला निळसर उजेडही गेला होता. पुतणीने हेरंबला बाजूला घेऊन सांगितले, "गाडीत एक शब्द बोलले नाहीत हो. आता तुमची ही टाकीच काय ती."

सर खुर्चीत बसले. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. पंपाचा आवाज ऐकला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "काय रे, बाय जेवली का?"

हेरंबची जीभ आपसूकच म्हणाली, "जेवली, सर. मजेत आहे."

"असं?" सर म्हणाले.

उद्या सांगू, असे म्हणत त्याने तो दिवस ढकलला. दुसऱ्या दिवशी सरांनी पुन्हा विचारले आणि दुसऱ्या दिवशी सांगणे पहिल्यापेक्षा अवघड होते. खोट्याचे असेच असते. त्याला रोज शिधा घालावा लागतो. हेरंब रिकाम्या दगडांसमोर उभा राहून छत्र्या उघडू लागला. प्रवाळाला नवा कोंब फुटल्याचे सांगू लागला. कोळंबीचा तुकडा पाण्यात सोडून, सर आत गेले की तो जाळीने काढून घेऊ लागला. त्याने पार्वतीबाईंना हात जोडून गप्प राहायला सांगितले. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली.

एका व्यापाऱ्याकडे नवी वाम मिळेल का, याचीही त्याने चौकशी केली. तो म्हणाला, "मिळेल की. पण नवं पाणी मुरून जगण्याजोगं व्हायला महिने जातील, साहेब. आत्ता सोडलीत तर मरेल." हेरंबने फोन ठेवला. मरणाऱ्या आणखी एका जिवाचे नाव बाय ठेवण्याचे धैर्य त्याच्यात नव्हते.

इकडे सरांचे जेवण कमी होत गेले. मनगटे काटकुळी झाली. हेरंबला वाटे, आपण कमी सांगतो. म्हणून तो अधिक रंगवून सांगे. सर मन लावून ऐकत. कधी एखादा प्रश्न विचारत. "कोंब कोणत्या बाजूला फुटलाय?" हेरंब बाजू सांगे. "असं?" सर म्हणत. त्या 'असं'नंतरची शांतता दिवसेंदिवस लांबत चालली होती.

एके संध्याकाळी हेरंब असाच सांगत होता. बाय आज अर्धी बाहेर आली आहे, मान वळवून इकडेच पाहते आहे, वगैरे. सर खुर्चीतून उठले. चाचपडत टाकीशी गेले. झाकणावरची एक वीट उचलून त्यांनी खाली ठेवली, मग दुसरी. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारली, झाकण सरकवले आणि हात पाण्यात घातला.

"सर!" हेरंब ओरडला. "सर, काय करताय? हात काढा!"

सरांचा हात दगडांवरून सरकत खाली गेला. त्यांना ती कपार तोंडपाठ होती. त्यांनी बोटे बिळात घातली, मग पंजा, मग मनगट.

"सर, चावेल ती!"

"आत आहे?" सरांनी विचारले.

"हो, सर. काढा हात."

सरांनी हात काढला नाही. त्यांचा गाल काचेला टेकला होता, पाणी बाहीवरून जमिनीवर ठिबकत होते. ते वाट पाहत होते. हेरंब त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

"नाही, सर," तो म्हणाला. "ती नाहीये. काहीच नाहीये त्यात."

सरांनी डोळे मिटले. आंधळ्या माणसाने डोळे मिटलेले हेरंबने तेव्हा पाहिले. मग त्यांनी हळूच हात बाहेर काढला.

हेरंब म्हणाला, "तुम्हाला संशय कधी आला?"

"संशय कसला? आलो त्याच दिवशी कळलं," सर म्हणाले. "जिवंत पाण्याला वास असतो रे. ओहोटीनंतर खडकांना येतो तसा. ह्या पाण्याला नुसता मिठाचा येत होता. डोळे गेले, नाक कुठे गेलंय?"

"मग रोज विचारत का होतात?"

"तुला सांगता यावं म्हणून. रोज वाटायचं, आज सांगेल."

"आणि आज हात का घातलात?"

सरांचा आवाज कापत होता. "तू इतकं छान सांगत होतास की मला माझ्याच नाकाचा भरवसा वाटेना. म्हातारपणी नाकही फसवतं, म्हटलं. कोण जाणे, असेलही आत. आज वाटलं, चावली तर किती बरं होईल."

हेरंबने दोन्ही हातांनी तोंड झाकले. "मला तुम्हाला दुःख द्यायचं नव्हतं, सर. तुमचा उजेड नुकताच गेला होता."

"ते खरं. पण ती दया होती की भीती?"

"दोन्ही," हेरंब म्हणाला.

"अरे, दुःख तू द्यायचं नव्हतंच, ते येऊन बसलेलंच होतं," सर म्हणाले. "आपण दोघंही त्याच्याशेजारी बसत होतो, रोज. तू तुझं लपवत होतास, मी माझं. एका खोलीत दोन सुतकं, आणि एकालाही दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकता येईना. ज्याच्यापासून आपण दुःख लपवतो ना हेरंबा, त्याचं दुःख कमी होत नाही. फक्त त्याची सोबत जाते. आणि माझं तर असं, डोळे गेल्यावर मला जगाचं जे काही दिसायचं ते तुझ्या बोलण्यातून. पहिल्यांदा आंधळा झालो तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुसऱ्यांदा झालो तेव्हा कुणी सांगितलंही नाही."

पार्वतीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी कोरडा पंचा आणून सरांच्या हाताभोवती गुंडाळला आणि त्या तशाच आत गेल्या.

मग हेरंबने सगळे सांगितले. पंपाचे बटण, फोन, लग्न, दारातला वास. काहीही गाळले नाही.

"कुठे सापडली?" सरांनी विचारले.

"वरच्या कोपऱ्यात. झाकणापाशी."

"तोंड वर होतं?"

खोटे बोलायला ही शेवटची जागा होती, आणि मायेने बोलता आले असते. "होतं, सर," हेरंब म्हणाला. "झाकणाला लागलेलं."

सर रडले. हेरंबही रडला. पण ज्या दिवशी एकत्र रडायला हवे होते तो दिवस मागे राहून गेला होता, आणि दोघांनाही ते ठाऊक होते. सरांनी त्याला बोल लावला नाही. पंप तेवढा बंद करायला सांगितला. त्या घरात इतकी शांतता हेरंबने पूर्वी कधी ऐकली नव्हती.

सर त्यानंतर आणखी दोन वर्षे जगले. हेरंबचे येणे कधी चुकले नाही, आणि तो पुन्हा कधी खोटे बोलला नाही. बातमी वाईट असली तरी दारातूनच सांगून मोकळा होई. संध्याकाळी सरांना ओसरीवर बसायची सवय लागली होती. बाहेर जाण्याआधी ते विचारत, "ऊन उतरलं का रे?" हेरंब बाहेर पाहून म्हणे, "उतरलं, सर." सर मान हलवत, खिडकीपाशी जात, गजांतून हात बाहेर काढत आणि तळवा उलटासुलटा करून ऊन चाचपून पाहत.

हेरंबने त्याबद्दल कधी काही म्हटले नाही. सरांचा हात आत येईपर्यंत तो उभा राही, आणि मग त्यांची काठी त्यांच्या हातात देई.