उजवीकडून सातवी

एकदा एका नाट्यमंडळीतल्या वृद्ध नृत्यगुरूंनी नायिका नसलेले संगीत नाटक रचले. आयुष्यभर त्यांनी नायिकेच्या मागे रांगेत नाचणाऱ्या मुलींना शिकवले होते. नव्या नाटकात अशाच सोळाजणींनी एकेक करून पुढे यायचे, आपले आयुष्य सांगायचे आणि अखेरीस एकत्र नृत्य करायचे, अशी योजना होती.

त्यांत हेमांगी नावाची शिष्या होती. "गर्दीत उभं राहायला घर सोडलंस?" असे विचारून तिच्या वडिलांनी चार वर्षे अबोला धरला होता. पहिल्या प्रयोगाला मात्र ते येणार होते.

रंगीत तालमीच्या दिवशी गुरूंनी शेवटच्या नृत्यासाठी सोळा एकसारखे पोशाख मांडले. हेमांगी व्यथित झाली.

"गुरुजी, दोन तास आम्ही आमची ओळख सांगणार, आणि शेवटी तुम्ही ती पुसणार? बाबांना मी दिसणार कशी?"

"आधी नाच. मग बोलू," गुरू म्हणाले.

प्रयोग झाला. पडदा पडल्यावर वडील आत आले.

"उजवीकडून सातवी," ते म्हणाले. "वळताना हनुवटी उचलतेस. पहिल्यापासून." मग त्यांनी आजूबाजूला पाहिले. "आणि ती गुडघा दुखावलेली पोर कुठे आहे? आजीनं जिला लपवून घुंगरू दिले, ती तुझ्या डावीकडे होती ना?"

हेमांगीने गुरूंकडे पाहिले. गुरू शांतपणे म्हणाले, "मुली, पोशाखानं ओळख पुसली जात नाही. आजवर लोकांना तुम्ही ठाऊक नव्हतात, म्हणून त्यांना नुसती रांग दिसे. आज त्यांनी तुम्हाला ऐकलं, म्हणून त्याच रांगेत त्यांना सोळा माणसं दिसली. आणि सोळा आयुष्यांचं पाऊल एकाच क्षणी पडणं, हे कोणत्याही नायिकेला एकटीनं साधत नाही. त्याचा अभिमान धर."

वडील हात जोडून म्हणाले, "गुरुजी, उद्याची चार तिकिटं मिळतील का? हिच्या आईला आणीन. शेजाऱ्यांनाही दाखवायचं आहे."

दुसऱ्या दिवशी हेमांगी सर्वांआधी रंगमंचावर आली आणि रांगेतल्या आपल्या जागी ताठ मानेने उभी राहिली.

ज्याला आपले मोल कळले, त्याला जागा लहान वाटत नाही.