सुगलाबाईचा विळा

“...मग चुकलं कुठे, उस्ताद? धारेत काही खोट असेल तर दाखवा!”

सैफनचा आवाज चढला होता. समोर सुगलाबाई उभी होती. तिच्या डाव्या नडगीवर लुगड्याच्या चिंधीची पट्टी होती. मागच्या गुरुवारी सैफननेच तिच्या विळ्याला धार लावून दिली होती. दुसऱ्याच दिवशी म्हशीच्या वैरणीचं कडवळ कापताना तो पायात घुसला.

दस्तगीर उस्ताद भीमाकाठच्या त्या दर गुरुवारच्या बाजारात चाळीस वर्षं धारेचं चाक घेऊन बसत. सैफन त्यांच्याकडे नऊ वर्षं शिकत होता. येत्या गुरुवारपासून आपलं वेगळं चाक मांडायची परवानगी त्याने मागितली होती. उस्तादांनी अजून हो म्हटलं नव्हतं.

उस्तादांनी विळा घेतला. पात्यावरून आडवा अंगठा फिरवला.

“धारेत खोट नाही,” ते म्हणाले.

सैफनचा जीव भांड्यात पडला.

“चूक मात्र तुझीच.”

“म्हणजे?”

...

“उस्ताद, धार बरोबर आणि चूक माझी? हे कसं काय?”

उस्ताद उठले. त्यांनी सैफनच्या डाव्या हातात विळा दिला आणि मागच्या बांधावरच्या गवताकडे बोट केलं.

“काप.”

“डाव्या हातानं?”

“काप.”

सैफन वाकला. त्याने गवताची मूठ धरली, विळा ओढला. विळ्याला धार एकाच अंगाने असते. डाव्या हातात तो उलटा पडला, गवतात शिरलाच नाही. काड्यांवरून सटकला आणि सैफनच्या गुडघ्यापासून बोटभर अंतरावर थांबला.

सैफन तसाच वाकलेला राहिला.

मग त्याने सुगलाबाईकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिचा उजवा हात पदराखाली लाकडासारखा लोंबत होता.

“मावशी... तुम्ही डाव्या हातानं कापता?”

“खळ्यावर पडले तवापासनं. उजव्यात जोरच न्हाई ऱ्हायला.”

“दुखतंय का फार?”

“दुखणं सोस्तंय रं. आठ दिस झालं, म्हशीला पोटभर वैरण न्हाई.”

सैफन चाकावर बसला. जुनी धार पुरती उतरवली आणि पात्याच्या दुसऱ्या अंगाने नवी चढवायला घेतली. दुपार कलली तरी तो पाणी प्यायला नाही.

सुगलाबाईने बांधावर जाऊन दोन मुठी गवत कापलं. स्वच्छ कापलं गेलं. ती हसली.

“मावशी, एक सांगू का?” सैफन म्हणाला. “तुम्ही त्या दिवशी हाताचं बोलायला पाहिजे होतं.”

सुगलाबाईने उस्तादांकडे पाहिलं. तिने विळा पदरात गुंडाळला आणि लंगडत निघून गेली.

...

“कळलं, उस्ताद,” सैफन म्हणाला.

“काय कळलं?”

“धार लोखंड बघून लावायची नाही, हात बघून लावायची. आजपासून पहिला प्रश्न हाच. कोणता हात? त्याशिवाय चाक फिरवणार नाही.”

“बरं.”

“मग येत्या गुरुवारी मांडू माझं चाक?”

उस्ताद उत्तर देणार तेवढ्यात जोडे शिवणारा शिद्राम आला. चामडं तासायची त्याची रापी त्याने सैफनपुढे धरली.

“कोणता हात, शिद्रामअण्णा?” सैफनने विचारलं. विचारताना त्याने उस्तादांकडे एक नजर टाकली.

“उजवा. पर त्याचं काय झालंय, ह्या सालापासनं मला—”

सैफनने पायडल मारलं. चाक घरघरू लागलं. रापी दगडाला टेकली, ठिणग्या उडाल्या. चाकापलीकडे शिद्रामचे ओठ हलत होते.

उस्ताद पुढे झाले आणि त्यांनी फिरत्या दगडावर तळवा दाबला.

चाक थांबलं. तळव्याची कातडी सोलली होती.

सैफन घाबरून उभा राहिला. एकदा रापीकडे, एकदा त्या हाताकडे बघू लागला.

“उस्ताद! हे काय केलंत? हात विचारला की मी... धार पण बरोबर अंगानं लावत होतो. आता काय चुकलं?”

उस्तादांनी शिद्रामकडे मान वळवली.

“तो अजून बोलतोय.”